बोडीवरचे इंग्रजीवाले मामा

आमच्या गावात मासोळी शिळी आहे म्हनायची सोय नाई. म्हटलं का तुळशीराममामा बोडीच्या, म्हंजे आमच्या लहान तळ्याच्या, पाळीवर जाळं विनता विनता बोट वर करते. "द फिश स्मेल्स बॅड! आता सांगा, मासोळी कोनाले हुंगून राह्यली?"

मासोळी विकनारी बाई म्हनते, "तुमच्या तोंडाले! घ्या नाई त हटा, मास्तर!"

सगळेच मास्तर म्हनते. मी वरोऱ्याकडून लग्न होऊन आली, मले वाटलं खरंच रिटायर मास्तर असतीन. माहा दहावीचा इंग्रजीचा पेपर दोनदा राह्यला होता. सासूनं सांगतलं, ही शेवटची खेप, मंग पुस्तकं चुलीत. मी पोरगी काखेत घेऊन पळतच बोडीवर गेली.

"मामा, मले शिकवा जी!"

मामानं दोन धागे धरले. "इकडं मानूस. तिकडं तो कसा आहे ते. मंधात इज. इज काई करत नाई पोरी, गाठीसारखा धरून ठेवते."

"अन लुक?"

"तू पोरीकडं पाहून राह्यली, ते काम झालं. तू भेलेली दिसून राह्यली, तिथी लुक काढून इज ठेवून पाह्य. बसला? मंग तेही गाठच."

दुपारी मोहाचा वास पान्यावर उतरे. पोरगी जाळ्याच्या ढिगावर झोपे. द वॉटर इज स्टिल. द चाइल्ड इज स्लीपी. मले वाटे शब्दच तरंगून राह्यले. मामा हळूच म्हनत, "मोठ्यानं नको, वाक्य पळून जाईन."

पेपरच्या दिवशी पोरीले सांभाळाले मामा तालुक्याच्या शाळेत संग आले. फाटकावरचा शिपाई हासला, "काहो तुळशीराम, रिटायर झाले तरी घंटा वाजवाले आले काय?"

मी मामाकडं वळली.

"मामा, तुमी मास्तर नाई?"

"शिपाई होतो. दाराबाहेरून आयकलं."

"अन मले आता सांगता?"

"तू इचारलंच कुठी?"

तेवढ्यात घंटा झाली. मी पोरगी मामाच्या हाती देऊन आत गेली.

पास झाली मी, काठावर, पन ते मंग समजलं. त्या दिवशी बाहेर आली त मामा कडुलिंबाखाली उभेच, पोरगी खांद्यावर झोपलेली.

"बसले काऊन नाई जी?"

"उठली असती ते."

पेपर कसा गेला, इचारलंच नाई. वर्गाच्या दाराकडं पाहून राह्यले होते.

"तीस वर्सं त्या दाराशी बसलो पोरी," म्हनाले. "आतमंदी माहं कोनी बसलं, असं आजच झालं."