सातव्या पाठातली बाई

परिचारिकांच्या दूरशिक्षण वर्गातल्या सातव्या पाठातली बाई मंगळवारी सकाळी पाठ सोडून निघाली आणि दुपारी आंबापाड्याच्या आरोग्य उपकेंद्रात येऊन बसली. तिला कळा सुरू होत्या.

तिथल्या सिस्टर वनमाला तडवी यांनी तिला लगेच ओळखलं. जिल्ह्यातल्या सगळ्याच परिचारिकांनी तिला मोबाइलवर पाहिलं होतं. पाठाचा विषय बाळंतपणानंतरचा रक्तस्राव हा होता. त्यात ती बाळंत होई, रक्त जाऊ लागे, पडद्यावरची नर्स ‘थोडी वाट पाहू’ म्हणे, आणि ती मरे. मग वाट पाहण्यात काय चुकलं ते समजावून सांगत. वनमालाताईंनी हा पाठ अनेकदा पाहिला होता. एकदा तर जेवताजेवता.

“इथंच का आलात?” त्यांनी विचारलं.

“तुम्ही दर वेळी शेवटपर्यंत बघता,” बाई म्हणाली. “बाकीच्या मला पुढं ढकलतात.”

तिला खाटेवर घेऊन वनमालाताईंनी प्रशिक्षण अधिकारी डॉ. निकुंभ यांना व्हिडिओ कॉल लावला.

“पाठात खाट रिकामी दिसते, अशा सकाळपासून तक्रारी येताहेत,” ते म्हणाले. “शनिवारी परीक्षा आहे. त्यांना परत पाठवा.”

“सर, कळा सुरू आहेत.”

“त्या पाठातही सुरूच असतात.”

“पाठात त्या मरतात, सर.”

“प्रश्न त्यावरच काढलेत, सिस्टर.”

बाईनं मोबाइलकडे तोंड वळवलं. “साहेब, तिथं मला फार तहान लागते. कुणी पाणी देत नाही.”

निकुंभांनी समोरची पाठाची संहिता चाळली. पाठ त्यांनीच लिहिला होता.

“पाण्याचं लिहायचं राहिलं,” ते अखेर म्हणाले. “द्या त्यांना पाणी. आणि एकशे आठची गाडी बोलवा. मी लाइनवर आहे.”

गाडी घाट चढत असतानाच मुलगी झाली. रडलीही खणखणीत. वनमालाताईंनी इंजेक्शन दिलं, वार पडली, आणि पाठात जायचं तसंच रक्त जाऊ लागलं. पुढं काय होतं ते त्यांना पाठ होतं. त्यामुळेच त्यांचे हात जागच्या जागी थिजले.

“सिस्टर,” मोबाइलमधून निकुंभ ओरडले, “वाट पाहू नका!”

वनमालाताईंनी सलाईन लावलं, त्यात औषध सोडलं, आणि पोटावरून गर्भपिशवी चोळायला घेतली. ती हाताखाली मऊ लागत होती; घट्ट झाल्याशिवाय रक्त थांबणार नव्हतं.

“इथंच मला अंधारी येते,” बाई म्हणाली.

“येऊ दे. तुम्ही बोलत राहा.”

“काय बोलू? इथून पुढं मला वाक्यंच नाहीत.”

“काहीही बोला. तुमच्या मनातलं.”

बाईनं विचार केला. तिला वेळ लागला. मग तिनं विचारलं, “लेक कुणावर गेलीय?”

“तुमच्यावर,” वनमालाताई म्हणाल्या. त्यांचे हात थांबले नव्हते. “हनुवटी बघा की.”

हळूहळू पिशवी घट्ट झाली. रक्त कमी होत होत थांबलं. निकुंभांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि रुग्ण बरा झाल्यामुळे शनिवारची परीक्षा पुढं ढकलण्यात येत असल्याचं तिथल्या तिथं जाहीर केलं.

गाडी आली. पुढच्या तपासणीसाठी बाईला तालुक्याच्या रुग्णालयात न्यायचं होतं. वनमालाताई शेजारी बसल्या. गाडी घाट उतरू लागली तशी बाईनं मांडीवरच्या लेकीकडे पाहिलं.

“ताई, आता पुढं काय असतं?”

“आता दूध पाजायचं असतं,” वनमालाताई म्हणाल्या, आणि लेकरू छातीशी कसं धरायचं ते तिला दाखवू लागल्या.