दुसऱ्या खेळाडूबाबत खुलासा

एखादी वस्तू हवी असणे हे ती घेण्याचे कारण होऊ शकत नाही, या तत्त्वावर सुसंस्कृत घरे उभी असतात. हवे तर तान्ह्या मुलालाही असते आणि मांजरालाही. मोठ्या माणसाच्या हवे असण्याला कारण लागते, कारणाला आधार लागतो आणि आधाराखाली सही लागते. ज्या घराची ही हकीकत आहे, ते या बाबतीत इतके सुसंस्कृत होते की तिथे तहान लागली तरी माणूस ‘गोळी घ्यायचीय’ असे सांगून पाणी मागत असे.

त्या रविवारीही चहाचे कप उचलले गेल्यावर जेवणाच्या टेबलावर ‘गेम निवड समिती’ची बैठक भरली. तो शेवटचा साधा रविवार ठरणार होता, पण तशी पूर्वसूचना कोणत्याही सदस्याला मिळालेली नव्हती. विषय एकच, मागील पानावरून पुढे चालू: मुलीने बाबांसाठी आणलेल्या, हातात धरून खेळायच्या नव्याकोऱ्या गेमिंग कन्सोलसाठी कोणता गेम घ्यावा.

ज्यांना वाटते की अशा प्रश्नासाठी समिती कशाला, त्यांनी बाबांना पाहिलेले नाही. बाबांनी सगळी नोकरी सरकारी खरेदी विभागात काढली. खुर्च्या, पंखे, टाचण्या, आग विझवायच्या वाळूच्या बादल्या, असे जे जे म्हणून सरकारला हवे असते ते ते त्यांनी ‘हवे आहे’ असे कुठेही न लिहिता घेऊन दिले. निवृत्तीनंतर हाच अनुभव त्यांनी घराला विनामूल्य उपलब्ध करून दिला. पालेभाजीसुद्धा तीन ठिकाणचे भाव घेतल्याशिवाय घरात येत नसे. (तोवर ती सुकायची. मग ‘सुकलेली’ या सदराखाली भाव नव्याने मागवावे लागायचे.)

समितीची रचना निर्दोष होती. अध्यक्ष बाबा, आणि लाभार्थीही बाबाच. कार्यालयात असते तर त्यांनी स्वतःच या प्रकाराची चौकशी लावली असती. आईला मताचा अधिकार होता, पण ती मत स्वयंपाकघरातून देई आणि कुकरची शिट्टी नेमकी तेव्हाच होई. परदेशात राहणारा दादा मोबाईलवरून हजर असे. हजर म्हणजे त्याचे कपाळ. उरलेला दादा पडद्याबाहेर कुठेतरी कॉफी करत असे. तज्ज्ञ सदस्य म्हणून खालच्या मजल्यावरचे, बाबांचे जुने स्नेही. हे गृहस्थ लेखापरीक्षणातून निवृत्त झालेले. त्यांच्या हरकतींनी तीन मंत्रालये घामाघूम झाली असे ते सांगत, म्हणून सगळी इमारत त्यांना हरकतकाका म्हणे. आणि सदस्य-सचिव म्हणजे मुलगी. ती एका प्रकाशनात मुद्रिते तपासायची, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका न बोलता दुरुस्त करायची तिला सवय होती. स्वतःच्या चुकांसाठी अशी सोय नसते.

तिची चूक मुळातच झालेली होती. आजारपणानंतर बाबांच्या डाव्या हाताची बोटे जरा आळशी झाली होती. रबरी चेंडू दाबण्याचा व्यायाम त्यांनी ‘यातून निष्पन्न काय?’ असे विचारून बंद पाडला होता. तेव्हा मुलगी हे यंत्र घेऊन आली आणि टेबलावर ठेवत म्हणाली, “बोटांसाठी चांगलं असतं.”

हे कारण मंजूर झाले. ते खरे नव्हते, हा वेगळा मुद्दा.

खरी गोष्ट एवढीच की तिला बाबांच्या शेजारी बसायचे होते. लहानपणी त्यांच्या शेजारी बसण्यासाठी प्रगतिपुस्तकावर सही हे एकमेव मान्यताप्राप्त निमित्त असे. बाबा एकेका विषयावर बोट ठेवत, ‘हं’ म्हणत, आणि तेवढा वेळ त्यांच्या सदऱ्याची बाही तिच्या दंडाला लागत असे. चाळिशी उलटलेल्या बाईला प्रगतिपुस्तक मिळत नाही. म्हणून तिने असे यंत्र शोधून काढले की ज्याच्या दोन्ही बाजूंच्या बटणपट्ट्या सुट्या होतात. एक एकाने धरायची, दुसरी दुसऱ्याने, आणि दोघांनी एकाच सोफ्यावर बसून एका छोट्याशा पडद्यात बघायचे. पडदा छोटा असल्यामुळे जवळच बसावे लागते. हे वैशिष्ट्य तिने समितीपुढे ठेवले नाही. ज्याचा फायदा बोटांना नाही ते समितीच्या कक्षेत येत नव्हते.

बाबांनी दंडक घातला: गेम एकच घ्यायचा, आणि तो योग्यच असायला हवा. मग सगळ्यांनी मिळून, मुलीच्या मोबाईलवर चित्रफिती पाहून, गेमची छाननी सुरू केली. छाननी इतकी कसून झाली की तिच्यातून काही शिल्लक राहू नये.

मोटारशर्यतीचा गेम पहिल्याच फेरीत बाद झाला, कारण रस्त्यावर एकही सिग्नल नव्हता. शेतीचा गेम बाबांना बरा वाटला होता, पण खेळाडूला जमीन कुणी आणि कोणत्या अटींवर दिली याचा उलगडा होईना. तलवारबाजीच्या गेमात नायकाने एका राक्षसाचे मुंडके उडवले, तेव्हा आईने हात पुसत बाहेर येऊन “त्याच्या आईला कोण सांगणार आता?” एवढेच विचारले. ठराव बारगळला. वरून विटा पडतात आणि त्या नीट रचायच्या, असा एक गेम हरकतकाकांनी तीन वेळा बघितला. ओळ पूर्ण झाली की ती नाहीशी होते हे लक्षात आल्यावर त्यांनी चष्मा काढला.

“पूर्ण झालेलं काम गायब होतं आणि अर्धवट राहिलेलं साचत जातं,” ते म्हणाले. “हा खेळ नाहीये. हा आमच्या खात्याचा अहवाल आहे.”

समितीच्या वेळेचा साधारण साठ टक्के भाग मागील बैठकीचे इतिवृत्त कायम करण्यात जाई, तीस टक्के चहात, आणि उरलेला ‘दादा, आवाज येतोय का?’ यात. गेम निवडायला वेळ पुरत नाही, ही बाब गांभीर्याने नोंदवण्यासाठी वेगळा वेळ राखून ठेवलेला होता. या कामासाठी सदस्य-सचिवाला दर रविवारी शहराच्या दुसऱ्या टोकाहून यावे लागे. पूर्वी ती क्वचित येई. तेव्हा समिती नव्हती, आणि कामाशिवाय यायचे म्हणजे दारातच “काय गं, सगळं ठीक ना?” या चौकशीला तोंड द्यावे लागे.

शेवटच्या साध्या रविवारी होडीचा गेम चर्चेला आला. तो तिने मुद्दामच मागे ठेवला होता, जसा लहान मूल ताटातला आवडता घास मागे ठेवते. गेम अगदी साधा. एक तळे, एक होडी, दोन माणसे, दोघांकडे एकेक वल्हे. दोघांची वल्ही एकदम पडली तर होडी पुढे जाते. नाही पडली तर जागच्या जागी गोल फिरते. शत्रू नाही, शर्यत नाही. पलीकडच्या काठाला पोचायचे, बस.

“बोटांना ताल मिळतो,” तिने निवेदन केले. आवाज मुद्रितावरच्या खुणेइतकाच कोरडा.

“दादा, तुझं मत?” बाबांनी विचारले.

कपाळ म्हणाले, “माझी काही हरकत नाही.”

“ते खातं माझ्याकडे आहे,” हरकतकाका म्हणाले. मग त्यांनी घसा साफ केला. “मुद्दा असा की या खेळाला माणसं दोन लागतात. लाभार्थी एक. मंजुरीही एकाच्याच बोटांना आहे. तेव्हा सचिवांनी सांगावं, दुसरा खेळाडू कोण?”

 बाबांनी चष्म्यावरून मुलीकडे पाहिले आणि बघतच राहिले. कुकरची शिट्टी व्हायला ही वेळ उत्तम होती, पण ती झाली नाही. उत्तर एकाक्षरी होते. सगळ्या भाषांतली माणसे बोलायला लागल्यावर जे शब्द लवकर शिकतात, त्यांतला तो एक.

“पुढच्या बैठकीत खुलासा सादर करते,” ती म्हणाली.

“बरं,” बाबा म्हणाले. त्यांनी टेबलावरचे बिस्किटाचे कण तळहाताने गोळा केले, आणि बैठक संपली. निघताना ते जिन्यापर्यंत आले. “पोचलीस की कळव” म्हणाले. तिने पोचल्यावर ‘पोचले’ असे कळवले. त्यावर बाबांचे ‘ठीक’ असे उत्तर आले. पत्रव्यवहार पूर्ण झाला.

सोमवारी सकाळी बाबांनी कोणताही अर्ज न देता, कारण न दर्शवता आणि चहा येण्याची वाट न पाहता या जगाचा कार्यभार सोडला. आई कप घेऊन आली तेव्हा वर्तमानपत्र छातीवर तसेच उघडे होते. इतक्या शिस्तीच्या माणसाकडून हे अपेक्षित नव्हते.

सांत्वनाची कार्यपद्धती मात्र गेम निवडण्याहून पुष्कळच सुटसुटीत आढळली. तिथे समिती लागत नाही. माणूस येतो, खुर्चीच्या कडेवर बसतो आणि ‘कालपर्यंत तर चांगले होते’ असे म्हणतो. (काल चांगले नसते तर ‘सुटले बिचारे’ म्हणायची सोय आहे. दोन्हीही लागू नसल्यास हवामान.) एका नातेवाइकाने तिला खंबीर असल्याचे प्रमाणपत्र दिले, कारण ती रडत नव्हती. दुसऱ्या नातेवाइकाने त्याच कारणासाठी तिला दगड म्हटले. दोघेही चहा घेऊन गेले. ती कप विसळत राहिली. दादा आला, राहिला, तीन वेळा विमानाची तारीख बदलून परत गेला. विमानतळावर त्याने तिला मिठी मारली आणि ‘थंडी वाजतेय’ असे कारण दिले.

पुढे एका रविवारी ती आईकडे आली. बैठक कुणी बोलावलेली नव्हती. पण आईने नेहमीसारखा चहा टाकला, मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला, त्यात दादाचे कपाळ उगवले आणि हरकतकाका जिना चढून वर आले. कपाळासकट चारही माणसे आपापल्या जागी बसली. बाबांच्या खुर्चीकडे बघायचे नाही, हा ठराव न मांडताच एकमताने मंजूर झाला.

“त्या मशीनचं काय करायचं?” दादाने विचारले. “आई, खोका आहे का? परत घेतील कदाचित.”

“कुणाला तरी द्यावं,” आई म्हणाली. “कुणाच्या तरी बोटांना उपयोग होईल.”

“कशाला परत? असू दे की,” मुलगी म्हणाली.

“असू दे, पण कशासाठी?” दादा म्हणाला. तो वाईट मुलगा नव्हता. त्याच घरात वाढलेला होता.

तिच्याकडे कारण नव्हते. तिने उठून कन्सोल आणला आणि उगाच टेबलावर ठेवला.  हरकतकाकांनी चष्मा काढला, पुसला, आणि परत न लावता हातात धरून बसले.

“वहिनी, एक गोष्ट नोंदवायची राहून गेलीय,” ते म्हणाले. “सगळ्या नोकरीत मी एकही हरकत दुसऱ्याच्या सांगण्यावरून घेतली नाही. साहेबाच्या नाही, मंत्र्याच्या नाही. त्या रविवारी पहिल्यांदा घेतली.”

“कुठली, भाऊजी?”

“दुसरा खेळाडू कोण, ही. माझी नव्हती ती. आदल्या संध्याकाळी हिने पाठवलेली विषयपत्रिका घेऊन खाली आला होता हा. म्हणाला, तू विचार. मी विचारलं तर तिला वाटेल, म्हातारा लाडात आलाय.” काकांनी चष्म्याची काडी मिटली. “मी म्हटलं, अरे, सरळ म्हण ना तिला, ये, खेळू. तर म्हणतो कसा, ‘तिला कामं असतात रे. कारण काय सांगू?’”

पडद्यावर पहिल्यांदाच दादाचा पूर्ण चेहरा दिसला. आईने चहाच्या कपावर बशी झाकली, मग ती पुन्हा काढली.

इथवर वाचताना काही वाचकांनी मनातल्या मनात या कुटुंबासाठी एखादा गेम सुचवला असेल. त्यांची सूचना नोंदवून घेतली आहे. काहींना हे घर हास्यास्पद वाटले असेल, आणि ते रास्तच आहे. अशा वाचकांनी एकच तपशील सोबत जोडावा: आपण घरी शेवटचा फोन निव्वळ सहज म्हणून केव्हा केला होता, आणि पलीकडून “बोल, काय काम होतं?” असे विचारल्यावर आपण कोणते काम तयार करून सांगितले होते. तपशील सावकाश दिला तरी चालेल. मुदत कोणती ते कुणालाच कळवण्यात येत नाही.

मुलीने यंत्र सुरू केले. होडीचा गेम घ्यायला दोन बटणे पुरली. सगळी निवड एवढ्यात झाली. पडद्यावर तळे आले, होडी आली, आणि त्याखाली यंत्राने अत्यंत सभ्यपणे विचारले की खेळाडू किती.

तिने बटणपट्टी हातात धरली होती, पण कुठलेच बटण दाबले नाही. बाबांच्या खुर्चीवर त्यांची चष्म्याची दोरी अजून तशीच लोंबत होती. ती तिकडे वळली, आणि एवढ्या मोठ्याने बोलली की खालच्या मजल्यावर ऐकू जावे.

“बाबा, मी दर रविवारी तुम्हाला बघायला यायचे. तुमच्याजवळ बसायला. काम काही नव्हतं.”