हॉट प्रेसमधले वाल

वालाचं बिरडं करायचं ठरवलं तेव्हा मी पूर्ण शुद्धीवर होतो. (योगिनीचं, म्हणजे बायकोचं, मत वेगळं आहे.)

लग्नाला अकरा वर्षं झाली, पण सासूबाईंनी माझं एकदाही कौतुक केलेलं नाही. सध्या त्या आमच्याकडे ॲडम्सटाउनला आल्या आहेत आणि बिरड्याच्या आठवणीनं उसासे टाकतात. अशात कंपनीतल्या हाँगकाँगच्या मिसेस लामनी मला पांढऱ्या दाण्यांची पिशवी दिली. "याचं सूप कर, अंगातली ओल जाते." पाहतो तर काय, वाल! आयर्लंडची ओल अंगातून जाईल तेव्हा जाईल, आधी सासूबाईंच्या मनात शिरू म्हटलं. गुपचूप वाल भिजवले, फडक्यात बांधले आणि हॉट प्रेसमध्ये, म्हणजे गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात, टॉवेलांमागे दडवले. इथल्या गारठ्यात मोड यायचे तर तिथेच.

दोन दिवस झाले, मोड नाहीत. चौथ्या दिवशी वास आला. मोड नाहीतच.

"उंदीर मेलाय," योगिनी म्हणाली.

"छे, हवा दमट आहे."

"अरे, तुझ्या शर्टालाही येतोय!"

तिनं उंदीरवाल्याला फोन लावला. मी गाठोडं पळवायला धावलो, तर सासूबाई नाकाला पदर लावून हॉट प्रेससमोर खुर्ची टाकून बसलेल्या!

युअर मॅन (इथे कुठल्याही बुवाला हेच म्हणतात) आला. उंच, हसरा. त्यानं टॉर्च मारली, टॉवेल उपसले आणि गाठोडं दोन बोटांत धरून बाहेर काढलं.

"नो माऊस! बीन्स!" त्यानं एक दाणा सोलून हुंगला. "रोस्टेड आहेत. जन्मात उगवणार नाहीत. माझी बाग आहे ना, कळतं."

मिसेस लामनी 'भाजलेत' असं सांगितलं होतं खरं. मी तेव्हा नारळाचं दूध किती लागेल याचा हिशेब करत होतो.

"भाजलेल्या वालांना मोड?" सासूबाई ओरडल्या.

"आई, तुमच्यासाठीच... बिरडं..." मी पुटपुटलो.

"माझ्यासाठी?" त्यांच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं. अकरा वर्षांनी! मी कौतुक झेलायला नम्रपणे मान खाली घातली.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग युअर मॅनकडे पाहिलं.

"योगिनी, किती हुशार आहे गं हा मुलगा! लग्न झालंय का याचं, विचार ना."

सासूबाईंना एकच मुलगी आहे.