सातवी सायकल

आमचे सबनीससर सायकलवर बसायचे नाहीत, तिला फिरायला न्यायचे. भिसेगावातल्या घरापासून कॉलेजपर्यंत रोज एक लेडीज सायकल हाताशी धरून चालत यायचे. चालवता येत नसेल, असं आम्ही शिक्षक मंडळी म्हणायचो. आम्हाला काय, चहाबरोबर विषय हवा.

सत्तरच्या आसपासची गोष्ट. कॉलेज टेकाडावर, स्टेशन खाली. मुलं चालून दमतात म्हणून सरांनी गावातल्या माळ्यांवरून सहा मोडक्या सायकली मागून आणल्या, दुरुस्त केल्या, पिवळ्या रंगवल्या. सातवी स्वतःची, तीच लेडीज, पिवळी करून घातली. ज्याला हवी त्यानं स्टेशनवरून घ्यावी, कॉलेजात सोडावी, जातानाही तसंच. कुलूप नाही. "कुलूप आलं की मालक आला," हे त्यांचं पालुपद.

झालं भलतंच. संध्याकाळी पोरं उतारावरून सुसाट खाली. सकाळी चढावर एकही शहाणा सायकलला हात लावेना. मग सरच एकेक ढकलत वर आणायचे. मी म्हटलं, हा कसला उद्योग? तर म्हणे, निदान जाताना हसत जातात ना! सातवी मात्र रोज संध्याकाळी स्टेशनवरून घरी न्यायचे, तेल घालायला म्हणून.

एका सोमवारी संध्याकाळी ती स्टेशनवर नव्हतीच. प्राचार्यांना निमित्तच हवं होतं. शनिवारपर्यंत सापडली नाही तर बाकीच्या सहाही गोदामात, असं त्यांनी बजावलं. सरांचं जेवणावरचं लक्ष उडालं. शेवटी मीही त्यांच्याबरोबर शोधायला निघालो.

खालापूरच्या वाटेवर एका पडवीत ती सापडली, पुसून लख्ख. शेजारी आमच्याच वर्गातली सुमन, मान खाली घालून.

"दोन कोस चालून पहिला तास चुकतो, सर. बा म्हनतो, मग कालेज नको. पन मी चोरी नाय केली."

मी तिला झापायच्या तयारीत होतो. सर वाकले, सीटवर हात ठेवला.

"ही उंच नको करूस गं. आमच्या हिलाही एवढीच लागायची."

त्यांची बायको जाऊन बारा वर्षं झाली होती. इतके दिवस आम्ही टिंगल केली ती तिच्या सायकलची. मला माझीच लाज वाटली.

शनिवारी सरांनी प्राचार्यांना सांगितलं, "सातवी माझीच आहे. मी घरी नेली. आता देणार नाही."

"आला शेवटी मालक!" म्हणून सगळी मंडळी हसली. मी तोंड उघडणार, तोच सरांनी डोळ्यांनी गप्प केलं. सहा सायकली वाचल्या.

सोमवारी सुमन काळ्या सायकलवरून वेळेवर आली. सरांच्या नखांत काळा रंग होता.

भिसेगावाहून ते आता मोकळ्या हातांनी यायचे. पण रस्ता रिकामा असला, तरी शेजारी सायकलपुरती जागा सोडून चालायचे.