गोळा कुणाकडं?

किसनराव कोकरे यांच्यासमोर दोन माणसं एका वेळी बोलू शकत नाहीत. त्यांच्या टेबलाच्या खणात क्रिकेटचा एक जुना, शिवण उसवलेला चेंडू असतो. मीटिंग सुरू झाली की तो बाहेर येतो. ज्याच्या हातात चेंडू त्यानं बोलायचं, बाकीच्यांनी चहा प्यायचा. मध्येच कुणी तोंड घातलं, की किसनराव मान वर न करता विचारतात, "गोळा कुनाकडं हाय?"

शिरूरच्या आमच्या दूध संघाचा संगणक विभाग म्हणजे किसनराव आणि मी. त्यांचे वडील रेल्वेत पॉइंट्समन होते. दौंडच्या पुढच्या एकेरी लाइनीवर तेव्हा ड्रायव्हरच्या हातात एक लोखंडी गोळा देत. गोळा नसेल तर गाडी पुढे न्यायची नाही. एका रुळावर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून ही सोय. किसनरावांनी ती सगळ्या संसाराला लावली. जीपची किल्ली, एसीचा रिमोट, सगळ्याला तोच प्रश्न. एकदा डबा उघडताना मी म्हणालो, "किसनराव, लोणच्याचा गोळा आज तुमच्याकडं का माझ्याकडं?" त्यांनी लोणचं घेतलं, पण हसले नाहीत.

संघाचं सगळं काम दोन सर्व्हरवर चालतं, आणि प्रत्येकाची डिस्क त्याच्याच पोटात. एक आजारी पडला की त्याच्यावरचं सगळं ठप्प. म्हणून दोघांना मिळून एक सामाईक स्टोरेज, म्हणजे माहिती साठवायचा वेगळा डबा, घ्यायचं ठरलं. एकच मोठा डबा घ्यावा, तर तो गेल्यावर दोन्ही सर्व्हर उपाशी. मग पुण्याच्या एका विक्रेत्यानं दोन डब्यांची जोडी आणली. एकात लिहिलं की दुसऱ्यात आपोआप उमटतं. चेअरमन आबांना ती इतकी आवडली, की उद्या सकाळचं दूध संकलन त्यावरच सुरू करायचं त्यांनी सगळ्या केंद्रांना कळवूनही टाकलं.

आज फक्त दाखवायचं होतं. कालच्या आकड्यांची नक्कल त्यावर चढवली होती. विक्रेत्याचा इंजिनिअर बोलत होता आणि चेंडू मुकाट्यानं हातात धरून होता.

किसनरावांनी चेंडू मागून घेतला. "दोन डबे हायेत. गोळा कुनाकडं?"

"दोघंही मालक आहेत, सर. दोघंही लिहू शकतात."

किसनरावांचा चेहरा पडला. "आन् मधली तार तुटली तर?"

"तुटत नाही, सर."

किसनराव उठले आणि डब्यांकडे चालू लागले. आबा कडाडले, "किसनराव, तारेला हात लावाल तर उद्यापास्नं इनामगावच्या केंद्रावर कॅन मोजायला बसाल!" आबा बोलतात ते करतात.

किसनरावांनी तार उपटली.

काहीच झालं नाही. दोन्ही पडदे चालू राहिले. "बघा," इंजिनिअर म्हणाला. किसनरावांनी एका सर्व्हरवर निमोण्याचं दूध 'स्वीकारलं' अशी नोंद केली आणि मला दुसऱ्यावर तेच दूध 'नासलं, परत' असं टाकायला लावलं. दोन्ही डब्यांनी ते निमूटपणे लिहून घेतलं. मग त्यांनी तार परत जोडली. पडदा लाल झाला. दोन्हीकडच्या नोंदी जुळत नाहीत, एक बाजू टाकून द्या, असा मजकूर आला. कुठली टाकायची, ते त्यात नव्हतं.

इंजिनिअरनं रुमाल काढला. आबा स्वतः निमोण्याचे. ते पडद्याकडे बघत राहिले.

"म्हंजी उद्या खरंच असं झालं असतं तर?"

"निम्म्या गावांच्या दुधाची नोंद गेली असती, आबा. कुठली निम्मी, ते बी आपल्यालाच ठरवावं लागलं असतं. दोघांनाबी वाटतं, दुसरा मेला, आता मीच मालक. तिसरा एक बारका डबा घ्या. त्यानं काय बी साठवायचं न्हाई, गोळा कुनाकडं हाय एवढंच सांगायचं. दुसऱ्यानं गप बसायचं."

आबांनी बोलायला तोंड उघडलं, मिटलं, आणि हात पुढे केला. चेंडू हातात आल्यावर म्हणाले, "घ्या तिसरा. संकलन पुढं ढकला."

मी किसनरावांची पाठ थोपटायला वळलो, तर ते घड्याळाकडे बघत होते. त्यांची घरी जायची दौंडची एसटी निघून गेली होती. त्यांचा असा पांढराफटक चेहरा मी कधी पाहिला नव्हता. मी गाडी काढली. वाटेत त्यांनी धाकट्या भावाला फोन केला. "गोळा तुझ्याकडंच हाय, बरं का. मी पोचलो न्हाई अजून. सोडू नको." फोन खिशात ठेवून ते माझ्याकडे वळले.

"आई आंथरुणावर हाय," ते म्हणाले. "मागं एकदा मला वाटलं, तो घरी हाय. त्याला वाटलं, मी हाय. दिवसभर मोरीत पडून होती."

मी गाडी जरा जोरात घेतली.

भाऊ रेल्वेच्या गणवेशात उंबऱ्यावर उभा होता, ड्यूटीला उशीर झालेला. त्यानं लोकरीचा एक गुंडा किसनरावांच्या हातात ठेवला. आईनंच कधीतरी कातलेली लोकर. "घे." "घेतला." तेवढं बोलून तो स्टेशनाकडे पळाला.

किसनरावांनी आत जाऊन आईच्या कपाळावर हात ठेवला, औषधाची बाटली उजेडात धरली. ती रिकामी होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. गुंडा माझ्या हातात दिला आणि माझी बोटं त्यावर नीट मिटवली. "कोपऱ्यावरनं औषध घिऊन येतो. धरा."

म्हातारीला दिसत नव्हतं. पावलं लांब गेल्याचं तिला कळलं. तिनं उशीवर मान वळवली.

"गोळा कुनाकडं हाय?"

इतकी वर्षं मी या प्रश्नाला हसत आलो होतो.

"माझ्याकडं हाय, आई."

तिनं हात पुढे केला, गुंडा चाचपला, त्याखालची माझी बोटंही चाचपली आणि डोळे मिटले. किसनराव परत येईपर्यंत मी खुर्चीवरून हललो नाही.