पुरावा मागणारे बोरावके

बोरावक्यांसमोर कुणी 'शत्रूने आपली यंत्रणा हॅक केली' म्हटलं, की ते चष्मा काढतात आणि एकच शब्द विचारतात, "कशावरून?"

पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत आम्ही एकाच खोलीत बसतो. विषयही एकच, देशादेशांतले सायबर संघर्ष. फरक इतकाच, की लिहितो मी आणि लोक वाचतात त्यांना. माझे लेख 'उद्याचं महायुद्ध कीबोर्डवर' असे दणदणीत. हे गृहस्थ मात्र कोणी कोणावर हल्ला केला, खरंच काय बिघडलं, हे वर्षानुवर्षं पडताळत बसलेत. निष्कर्ष काय? "कुरापती पुष्कळ, युद्ध जवळजवळ नाहीच." एवढ्या मिळमिळीत वाक्यासाठी परदेशातले लोक त्यांना शोधत येतात!

एकदा संस्थेची वीज गेली. मी विद्यार्थ्यांना ठणकावून सांगितलं, "हा सायबर हल्लाच." बोरावके बाहेर जाऊन वायरमनशी बोलून आले. "घुशीने केबल कुरतडलीय. घूस परकीय वाटत नाही, कसब्यातलीच असावी." पोरं किती हसली! मी आठवडाभर डबा एकट्याने खाल्ला.

गेल्या महिन्यात त्यांना युरोपातल्या परिषदेत मुख्य भाषणाचं बोलावणं आलं. मी दात दिसतील इतपत हसलो. मग आयोजकांचा मलाच मेल आला. बोरावके येऊ शकत नाहीत, त्यांनी तुमचं नाव सुचवलंय. म्हणजे त्यांचं उरलंसुरलं माझ्या पानात! तणतणत मी शनिवार पेठेतलं त्यांचं घर गाठलं.

वहिनी टीव्हीसमोर बसल्या होत्या, ताट तसंच होतं. त्यांचा एकुलता मुलगा रोहित सीमेलगतच्या वीजकेंद्रात नोकरीला आहे. निवेदक ओरडत होता, "आता वीजकेंद्रांवर सायबर हल्ले!"

"अहो, खरं का हो हे?"

बोरावक्यांनी टीव्ही बंद केला आणि ते त्यांच्याजवळ बसले. "प्रयत्न होतील, सुनंदा. पण अशी ओरड मी पुष्कळदा तपासलीय. बहुतेक वेळा देश हात आखडता घेतात."

"रोहितला काही होणार नाही ना? नक्की?"

"नक्की म्हणता येत नाही. बहुधा नाही."

वहिनींनी त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि ताट पुढे ओढलं.

मला सोडायला दाराशी येऊन ते हळूच म्हणाले, "रोज सांगावं लागतं. फोनवर पटत नाही तिला. तुम्ही जा, रणपिसे. तुम्ही बोलता छान."

मी जिना उतरलो. परिषदेवरचा राग केव्हाच गेला होता, पण जळफळाट वाढलाच होता. मी इतकी वर्षं लिहितोय. माझ्या शब्दावर विसंबून आजवर कुणी दोन घास खाल्लेले नाहीत.