सूचीतला मानपान

"पुस्तकात जे एकदा लिहिलंय, ते कुठं लिहिलंय हे परत कशाला लिहायचं?" प्रबुद्धने हा प्रश्न विचारला तेव्हा पौर्णिमाताई हसली. "बस, सांगते," म्हणाली आणि गॅसवरचं दूध बघायला उठली. दूध उतू गेलं, ते पुसता पुसता विषय राहून गेला, आणि पुढच्याच आठवड्यात तापाचं निमित्त होऊन ताईच गेली.

तिने नोकरी सोडून घरबसल्या पुस्तकांच्या सूची करायचं काम नुकतंच सुरू केलं होतं. पहिलं पुस्तक मिळालं शिळफाट्याच्या ओमकार प्रकाशकांचं, कर्जत-खालापूरच्या गावांवरचं, उशाला घेता येईल एवढं जाड. त्याच्या शेवटी बारीक अक्षरात 'सूची: पौर्णिमा' असं छापून येणार, हे तिने दहिवलीत घरोघर सांगून ठेवलं होतं.

महिना उलटला आणि तिचा फोन वाजला. (तो प्रबुद्ध रोज चार्ज करून ठेवायचा. का, ते त्याला विचारू नये.)

"ताईंचं कळलं. फार वाईट झालं," ओमकार म्हणाला. "ते काम मी आता दुसऱ्या कुणाला..."

"नको. मी करतो," प्रबुद्ध बोलून मोकळा झाला.

"तुम्ही काय करता?"

"टेंपो चालवतो."

"शिक्षण?"

"आठवी."

"पास?"

"परीक्षेला बसलो व्हतो."

मग ओमकारने समजावलं, "पुस्तकात आलेली माणसं, प्रत्येकापुढे पान नंबर. शनिवारपर्यंत. जमलं तर ताईंचं नाव छापतो. नाहीतर दुसऱ्याकडून करून घेईन आणि त्याचं छापावं लागेल."

आता नावांची छापील यादी प्रबुद्धने आयुष्यात एकाच ठिकाणी पाहिली होती: लग्नपत्रिकेत. तिचे नियम त्याला पाठ होते. थोरले वर, धाकटे खाली, आणि कुणाचं नाव राहता कामा नये. (चुलतभावाच्या पत्रिकेत एका मामाचं नाव काकांच्या खाली गेलं, तर तो मामा मांडवात येऊन उपाशी बसला होता.) त्याने टेंपो दारात लावला आणि ताईकडे आलेली पुस्तकाची कच्ची प्रत मांडीवर घेतली.

"आई, पान बाराचा मोरू मोठा का पान नव्वदचा कान्हा?"

ताई गेल्यापासून भिंतीकडे तोंड करून पडलेली आई उठून बसली. "मोरू. कान्ह्याच्या बारशाला मोरू गाडी हाकीत आलता. आन् हिरू दोघांच्या वर घे, तिचा मान हाय."

महिनाभरात ती पहिल्यांदाच एवढं बोलली. प्रबुद्धने मुद्दाम आणखी दहा-बारा नावं विचारली.

हे बोलणं कुंपणापलीकडे गेलंच. शेजारच्या गौराबाई हात पुसत आल्या.

"आमचे हे कुठं हायत रं यादीत?"

"काकू, काका पुस्तकातच नायत."

"पुस्तकात नसंनात का. यादीत घ्यायला तुजं काय जातं? तुमच्या कार्यात भांडी कुनाची व्हती?"

भांडी त्यांचीच होती. प्रबुद्धने गोमाकाकांना घेतलं. "पान कितवं देऊ?"

"पुढचं दे. मागं नको बसवू त्यांना."

त्याने पान तीन दिलं. संध्याकाळपर्यंत अंगणात रांग लागली. कुणाला घेतलं, कुणाला नाही, प्रबुद्धला काही सुधरेना, म्हणून त्याने शेवटी 'आणि समस्त दहिवलीकर' लिहून टाकलं आणि शनिवारी टेंपो शिळफाट्याला काढला.

ओमकारने पहिलं पान वाचलं. चष्मा पुसला. परत वाचलं.

"हे वयानं लावलंय?"

"मंग? धाकटा वर आला तर थोरला रुसंल ना, शेठ."

"आणि हे गोमा, पान तीन? तिथं म्हशीचा फोटो आहे."

"त्यांना पुढंच पायजे व्हतं."

ओमकार पाणी प्यायला. "हे बघा, पुस्तकातल्या माणसांची पानं तुम्ही बरोबर काढलीत. अक्षरांचा क्रम मी लावून घेईन, म्हशीवरून काकांना उतरवीन. पण तरी काहीतरी चूक राहणारच. लोक हसतील ते मला नाही, ताईंना हसतील. हे त्यांच्या नावावर घालू कसं?"

हे प्रबुद्धच्या डोक्यातच आलं नव्हतं. ताईचं नाव यावं एवढंच त्याला पाहिजे होतं, आणि आता नाव आलं तर हसू पण तिच्याच वाट्याला येणार होतं.

"पेन द्या," तो म्हणाला.

यादीच्या शेवटी लिहिलेल्या 'सूची: पौर्णिमा' या ओळीखाली त्याने जपून एकेक अक्षर काढलं, 'चुका: प्रबुद्ध, धाकटा भाऊ.'

ओमकारने ती ओळ वाचली. "असं कुठल्याच पुस्तकात नसतं हो," तो हळूच म्हणाला. मग म्हणाला, "बरं. पण नावापुढे पान नंबर लागतो."

प्रबुद्धने थोडा विचार केला आणि लिहिलं, 'सगळी.'